पॉलिसी आहे, विमा नाही

प्रश्न : आम्ही दोघं (मी 34, नवरा 37) नोकऱ्या सोडून चौदा महिने आशियात फिरतोय. नेपाळ, व्हिएतनाम, लाओस झालं, आता थायलंडमध्ये आहोत. दोघांना दिवसाला 3,500 रुपये पुरतात. पुढच्या महिन्यात बँकॉकहून 18 दिवसांसाठी इंग्लंडला जाणार. व्हिसा आणि विमानाची तिकिटं झाली. पाच दिवस लेस्टरला चुलत बहिणीकडे, मग लंडन, यॉर्क, केझिक. दिवसाला 7,000 धरलेत. एफडीत 9 लाख आहेत, म्युच्युअल फंडात 14. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? विम्याचं टेन्शन नाही, दोन वर्षांपूर्वी बोनस आला तेव्हा घेतलेली वर्षाला 3 लाखांच्या हप्त्याची पॉलिसी चालू आहे, तिसरा हप्ता याच महिन्यात आहे. निघताना घेतलेली ट्रॅव्हल पॉलिसी सहा महिन्यांची होती, ती संपली. मध्यंतरी इथल्या पाय नावाच्या गावात स्कूटर घसरून नवऱ्याला टाके पडले, पण बिल फार नव्हतं. पुढचं म्हणाल तर फंड 12 टक्के देईल, महिना 14 हजार काढत राहू.

उत्तर : आधी तुम्ही विचारलेलं. लोन नको. चौदा टक्क्यांनी पैसे आणायचे आणि स्वतःचे साडेसहा टक्क्यांवर झोपवून ठेवायचे, हा कुठला हिशोब? एफडीतून काढा. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण अर्धा ते एक टक्का असतो.

पण 7,000 विसरा. पौंड 120 रुपयांचा धरला तर ते साठ पौंडसुद्धा नाहीत. लंडनमध्ये हॉस्टेलच्या डॉर्ममधल्या दोन खाटांतच ते संपतील, चहा तुम्ही तिथल्या टी-बॅगचा प्यायलात तरी. बहिणीकडचे दिवस सोडून दोघांना 120 पौंड धरा. तेरा दिवसांचे 1,560, लेस्टरचे 150, रेल्वेचे 200. सगळे मिळून 2 लाख 30 हजार.

आशियात अंगवळणी पडलेलं ‘पोहोचल्यावर बघू’ इथे महागात पडतं. व्हिएतनाममध्ये स्टँडवर जाऊन स्वस्त बस मिळते, इंग्लंडमध्ये ऐनवेळी काढलेलं रेल्वेचं तिकीट बऱ्याचदा दुप्पट पडतं. लंडन-यॉर्क आजच काढा. दोघांचं मिळून एक ‘टू टुगेदर’ रेलकार्ड मिळतं, 35 पौंडांचं. भाडं एक तृतीयांश कमी होतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला ते चालत नाही. केझिकला रेल्वे जात नाही. पेनरिथला उतरून बस घ्यायची, तिचं भाडं बहुतेक 3 पौंडांच्या आत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट. कार्ड मशीनने ‘रुपयांत की पौंडांत’ विचारलं तर पौंडांत. आणि पहिले दोन दिवस प्रत्येक सँडविचची तुलना लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या नूडल्सशी कराल. तिसऱ्या दिवशी सोडून द्या, नाहीतर भांडणं होतील.

आता तुम्ही न विचारलेलं. ‘विम्याचं टेन्शन नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं.

तुम्ही वर्णन करताय ती, माझ्या अंदाजाने, ‘गॅरंटीड इन्कम’ जातीची पॉलिसी. अशा पॉलिसीची जाड प्लास्टिकची फाइल माझ्या टेबलावर आठवड्याला एक तरी येते. वरच्या बाँडला सोनेरी किनार, आत पन्नास पानं, आणि त्यातलं कोणी फारतर नाव आणि जन्मतारीख तपासलेली असते. माणूस गेला तर ती पैसे देते. ताप आला, हाड मोडलं, अपेंडिक्स फुटलं, तर एक रुपयाही नाही. नोकरी सोडलीत त्या दिवशी कंपनीचा मेडिक्लेम गेला. तोच पुढे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता आला असता, वेटिंग पिरियडचं क्रेडिटही (आधीच्या आजारांसाठी थांबायच्या मुदतीतला सरलेला काळ) टिकलं असतं, पण ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. म्हणजे ट्रॅव्हल पॉलिसी संपल्यापासून आठ महिने तुम्ही दोघं उघड्यावर आहात. गावाचं नाव पाय, टाके हनुवटीला की कपाळाला ते तुम्ही लिहिलं नाहीत. मांडीचं हाड मोडलं असतं तर हे पत्र वेगळं असतं.

इंग्लंडमध्ये अपघात विभागात तपासणं फुकट आहे, पण दाखल करून घेतलं की तुमच्यासारख्या पाहुण्यांना एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, दीडपट दर लावते. बिल थकवलंत तर पुढच्या व्हिसालाही आडवं येऊ शकतं. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या भारतातून निघण्याआधीच ट्रॅव्हल पॉलिसी देतात. प्रवासात असतानाही घेता येणाऱ्या परदेशी पॉलिसी असतात, त्यातली एक बँकॉक सोडण्याआधी घ्या. काही दिवस थांबल्यावरच कव्हर सुरू होतं का, ते बघून घ्या. परतल्यावर पहिल्या आठवड्यात दोघांचा मेडिक्लेम. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट बघायला लागू शकते, म्हणून रक्तदाब असेल तर लपवू नका.

आता हप्ता. या पॉलिसींचा नेहमीचा साचा असा : दहा वर्षं 3 लाख भरा, दोन वर्षं थांबा, मग दहा वर्षं 5 लाख 40 हजार घ्या. विकणारा म्हणतो, तीसचे चोपन्न. खरं म्हणजे प्रत्येक हप्ता बारा वर्षांनी 1.8 पट होऊन येतो, म्हणजे पाच टक्के. पीपीएफ 7.1 देते आणि तेही करमुक्त. आता पुढचं बघा : उरलेले आठ हप्ते म्हणजे 24 लाख, आणि तुमच्याकडे एफडी, फंड सगळं मिळून 23. पगार शून्य. हे विकणाऱ्याला तुम्ही नोकरी सोडणार हे माहीत नव्हतं म्हणूया. दुसरा हप्ता भरताना तुम्हाला तर माहीत होतं!

तिसरा भरू नका. कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर कधी, किती मिळेल. सरेंडरचा आकडा 6 लाखांपेक्षा बराच कमी असेल, बघून वाईट वाटेल. पेड-अपचा ठीक असला तर ती तशीच पडू द्या.

‘फंड 12 टक्के देईल, महिना 14 हजार काढत राहू’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. पहिल्याच वर्षी बाजार वीस टक्के पडला तर 14 चे 11 होतात, आणि तुम्ही काढलेले धरून साडेनऊ. त्यावर बेत आखू नका.

हप्त्याला ऑटो-डेबिट लावलेलं असणार, तेव्हा नेट बँकिंगमधून ते मँडेट आजच बंद करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येईल. ते सिम बॅगेच्या तळाशी गेलं असेल तर शोधा, रोमिंग चालू करा. लेस्टरला कार्डाने ऑनलाइन पैसे भरतानाही तेच लागू शकतं.