ठाण्याच्या दमट हवेत जुन्या रायफलचा लाकडी दस्ता कसा सुधारावा आणि टिकवावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची रायफल रीतसर परवान्यासह तुमच्याकडे आली, घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये ठेवली, आणि पहिल्याच पावसाळ्यात अक्रोडाच्या दस्त्यावर पांढरी बुरशी धरली. मुठीजवळचं लाकूड काळं, चिकट झालंय. घासून वर चकचकीत पॉलिश मारू का, असा तुमचा प्रश्न. मारू नका. निदान पावसाळ्यात तरी अजिबात नाही.

मी कोपरीला राहतो, खाडी पायी दहा मिनिटांवर. काकांची .३१५ बोअरची रायफल माझ्याकडे आली तेव्हा मीही हेच केलं होतं. जुलैमध्ये दस्ता घासला आणि मेलामाइन या चकचकीत लाकडी पॉलिशचे तीन हात दिले. आरशासारखा दिसत होता. गणपतीपर्यंत बटाच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, टोकाला पॉलिश फुगलं. बटप्लेटचे, म्हणजे त्या टोकावरच्या पट्टीचे, दोन स्क्रू काढून पाहिलं तर खालचं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि मऊ, नख रुतेल असं. काकांचा हात जिथे वर्षानुवर्षं फिरला, त्या लाकडाची ती अवस्था बघून पोटात कालवलं.

चूक कुठे झाली, ते लाकडाकडेच बघून कळतं. गवताच्या पेंढीसारखी कल्पना करा. पेंढी बाजूने ओली होते ती सावकाश, पण कापलेलं तोंड पाण्यात टेकवलं की पाणी आत चढतं. दस्त्याचं असं कापलेलं तोंड बटप्लेटखाली असतं, आणि नळी व यंत्र बसतं त्या खाचेतही असतं. या दोन्ही जागी बहुतेक वेळा ना तेल असतं ना पॉलिश. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी मुरतं, ८५ टक्के असेल तर ते १८च्या घरात जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं. बाहेरून कडक पॉलिशचं कवच आणि आतून उघडं तोंड, म्हणजे पाणी शिरतं आणि अडकून बसतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: बाहेरच्या चमकेआधी झाकलेलं लाकूड बंद करा.

दस्ता उतरवायचं काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. ओळखीच्या सुताराकडे देऊ नका, कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. रायफल जुनी ली-एनफील्ड असेल तर आणखी एक धोका आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. पुढचा भाग आधी न काढता बटाचा लांब बोल्ट फिरवला तर पुढच्या लाकडाला तडा जातो. कित्येक चांगले दस्ते असेच गेलेत.

मुठीचा काळेपणा बहुधा बंदुकीच्या तेलाचा असणार. तेल लावून रायफल नळी वर करून उभी ठेवली की ते हळूहळू खाली उतरून लाकडात मुरतं. ते बाहेर काढायला व्हाइटिंग, म्हणजे खडूची बारीक पूड, स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या आणि उन्हात ठेवा. लेप तपकिरी झाला की झटकून नवा द्या. मला पाच वेळा द्यावा लागला. हे गॅलरीत करा, गॅसजवळ नको. स्क्रूच्या भोवतीचे निळसर काळे डाग मात्र वेगळे: लोखंड, ओल आणि अक्रोडातलं टॅनिन यांची ती शाई आहे. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण लागतं. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर ओल्या फडक्याने नीट पुसून काढा.

दबलेल्या जागा घासू नका. ओलं सुती फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा, वाफेने लाकडाचे दबलेले तंतू परत फुगून वर येतात. पॉलिश पेपर जितका कमी तितकं बरं, कारण कडा आणि जुने शिक्के एकदा गेले की गेले. स्टीलवूलही नको, त्याचे कण लाकडात राहून गंजतात.

आता तेल. खोबरेल कधीही वाळत नाही, धूळ धरतं. घाण्यावरचं जवसाचं तेलही आपल्या हवेत आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि त्यावर बुरशी पोसते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं, त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल मिळालं तर ते पाण्याला याहून चांगलं तोंड देतं. काम दिवाळीनंतर काढा, हवा कोरडी असते. पहिला हात बटप्लेटखाली आणि खाचेत, थोडं टर्पेंटाइन घालून, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. मग बाहेरून अगदी पातळ हात. पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, असे पाच-सहा हात. शेवटी मेणाचा एक हात. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

ठेवताना फोमची पेटी किंवा कॅनव्हासचं कव्हर नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाटही नको. कुलूपबंद लोखंडी कपाटात सिलिका जेल ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की वाळवून परत वापरा. हवेतली ओल शोषून पाणी साठवणारे ते प्लास्टिकचे डबे मात्र लांब ठेवा. त्यातलं खारट पाणी सांडलं तर लाकूड वाचेल, नळी गंजेल.

आमच्याकडे खंडेनवमीला पूजा होते. हळद-कुंकू आता मी पाटावर वाहतो, दस्त्यावर नाही, कारण ओल्या कुंकवाचा डाग तेलातून खाली उतरतो. त्याच दिवशी बटप्लेट उघडून बघतो. गेल्या वर्षी आतलं लाकूड सुकं होतं, आणि स्क्रू हाताने फिरला.