आधी तो व्हिडिओ बंद कर

ताई,
मी व्यावसायिक बुद्धिबळ खेळते. मुलगी अडीच वर्षांची आहे. इंटरनॅशनल मास्टर किताबासाठी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी तीनदा, करावी लागते. माझे दोन झालेत, तिसरा गेल्या महिन्यात अर्ध्या गुणाने हुकला. शेवटच्या फेरीत एक प्यादं जास्त असताना बाविसाव्या चालीला मीच बरोबरी विचारली. का, ते आजही सांगता येत नाही. स्पर्धेत असले की जीव घरी असतो, घरी असले की ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी तशीच पडून राहते. नवरा अतिशय समजूतदार आहे, मी गेले की सगळं तोच बघतो (मला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून रोज फेरीआधी लेकीचा व्हिडिओही पाठवतो, बिचारी दारात बसून माझ्या नावाने रडत असते). सगळे म्हणतात, ती शाळेत जाईपर्यंत थांब. थांबू का? चांगली आईही होता येत नाही आणि चांगली खेळाडूही, याची लाज वाटते.
— एक आई

अगं बाई,
एवढं पत्र लिहिलंस आणि मुद्द्याची गोष्ट नेमकी कंसात टाकलीस!

‘थांबू का’ याचं उत्तर आधी उरकून टाकते. थांबायचं असेल तर खुशाल थांब. न खेळल्याने फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग घटत नाही, वर्षभर डाव झाला नाही तर यादीत ‘निष्क्रिय’ असा शेरा पडतो, इतकंच. मिळवलेले दोन नॉर्मही कुठे पळून जात नाहीत. आपली ग्रँडमास्टर कोनेरू हम्पी, तिला २०१७ मध्ये मुलगी झाली. २०१९ च्या डिसेंबरात ती मॉस्कोत रॅपिड, म्हणजे जलद बुद्धिबळाची, जागतिक विजेती होती, २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. द्रोणवल्ली हरिका तर २०२२ चं चेन्नईचं बुद्धिबळ ऑलिंपियाड नववा महिना चालू असताना खेळली आणि संघासोबत कांस्यपदक घेऊन घरी गेली. हंगेरीच्या युडिट पोल्गारचं आयुष्यातलं सर्वोच्च रेटिंग, २७३५, पहिला मुलगा झाल्यानंतरचं, २००५ चं आहे. ही नावं तू माझ्याआधीपासून जाणतेस, आणि ती वाचून तुझ्या पोटातला गोळा तसूभरही हलणार नाही. म्हणून पुरे.

आता कंसाकडे येऊ.

मूल दारात बसून रडतंय. ते रडणं कुणीतरी उभं राहून टिपतंय. फोन नीट धरलाय, चेहरा चौकटीत यावा म्हणून दोन पावलं मागेही सरकला असेल. मग व्हिडिओ थांबवायचा, तुझं नाव शोधायचं, पाठवायचा. एवढ्या वेळात ते पोर कुणी कडेवर घेतलं? ज्या हातात फोन होता, तो हात तिच्याकडे जायला हवा होता. सगळं तोच बघतो म्हणतेस ना? बघतो खरा.

तू म्हणशील, त्याच्या मनात वाईट नसतं. नसेल बाई. त्याचं मन तपासायला मी बसलेली नाही, आणि समजूतदारपणाचं प्रशस्तिपत्र तू आधीच देऊन टाकलंयस. मला एवढंच सांग, तो कामाला निघतो तेव्हा लेक रडत नाही? त्याच्या महत्त्वाच्या मीटिंगआधी दहा मिनिटं तू तिचं रडणं त्याला कधी पाठवलंस? नाही ना. तू तिला उचललंस, खिडकीतला कावळा दाखवलास, विषय संपला. त्याला कळलंसुद्धा नाही. कळायची गरजही नव्हती.

आणि तुझं काय होतं बघ. व्हिडिओ पाहायचा, फोन बाहेर ठेवायचा, कारण सभागृहात तो नेता येत नाही, आणि पटावर जाऊन बसायचं. क्लासिकल, म्हणजे पूर्ण वेळेचा, डाव लांबला तर चार-पाच तास. त्या वेळात ती गप्प झाली का, जेवली का, झोपली का, हे कळायची सोय नाही. डोळ्यांसमोर शेवटचं चित्र तेच रडणारं. अशा वेळी माणूस काय करेल? डाव संपवेल. चाल केलीस, बरोबरी विचारलीस, घड्याळ दाबलंस. प्यादं जास्त असून. समोरच्याने आनंदाने हात पुढे केला असणार. आणि तू फोनकडे धावलीस, हो की नाही? तेव्हा ती छान झोपली होती, असंही मी पैजेवर सांगते.

पटावर दोन मोहऱ्यांचा संबंध तुला क्षणात दिसतो. इथे एकाच पत्रात दोन्ही गोष्टी लिहिल्यास आणि मधे फक्त एक कंस होता, तरी तुला दिसला नाही! याचा मला राग येतोय, तुझ्यावर नव्हे तर त्या लाजेवर. लाज वाटायला लागली की बाई स्वतःचे दोष मोजत बसते, बाकी काही तिच्या नजरेला पडत नाही.

तेव्हा वेळापत्रक, पहाटे उठून तयारी, मोसमात किती स्पर्धा, ही सगळी चर्चा मी करणारच नाही. ती तुझ्या प्रशिक्षकाशी कर. माझं एकच सांगणं. आज रात्री लेक झोपली की नवऱ्याला समोर बसव आणि सरळ सांग: “मी स्पर्धेला गेले की डाव संपवून मी फोन करेपर्यंत मला काहीही पाठवायचं नाही. रडणारं नाही आणि हसणारंसुद्धा नाही.” ताप आला तर त्याने डॉक्टरकडे न्यावं आणि संध्याकाळी तुला सांगावं. खरोखरच आभाळ कोसळलं तर आयोजकांचा नंबर देऊन ठेव, ते पंचांमार्फत तुझ्यापर्यंत पोचतील. विनंतीच्या सुरात बोलू नकोस, आणि ‘तुला राग नाही ना येणार’ हे शेपूट तर मुळीच जोडू नकोस.

हे ठरलं की उद्याच नऊ फेऱ्यांच्या पुढच्या स्पर्धेत नाव घाल. मला वाटतं तू थांबण्याबद्दल विचारलंस ते थकून, खेळ नकोसा झाला म्हणून नव्हे. नकोसा झाला असता तर अर्ध्या गुणाची चुटपुट इतकी लागली नसती.

तो म्हणेल, “लेकीची आठवणच येत नाही का तुला?” याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. चार दिवस रुसेलही. रुसू दे. तेवढ्यात पोराला कडेवर घ्यायची सवय लागेल.