भांडवलाचा परतावा की भांडवलावरील परतावा?

प्रश्न असा: कंपनीच्या वार्षिक अहवालाचा मराठी गोषवारा लिहिताना 'रिटर्न ऑन कॅपिटल एम्प्लॉइड'ला (धंद्यात लावलेल्या भांडवलावर शेकडा किती नफा झाला, ते सांगणाऱ्या आकड्याला) 'भांडवली परतावा' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'भांडवली' हे विशेषण मराठीत आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेलं आहे. यंत्रं-इमारतींवरचा तो भांडवली खर्च, शेअर किंवा जमीन विकून झालेला तो भांडवली नफा. त्यामुळे 'भांडवली परतावा' वाचताच शेअर विकून हाती आलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. 'भांडवलाचा परतावा' तर त्याहून चुकीचं, कारण त्याचा अर्थ घातलेले पैसे माघारी मिळाले एवढाच होतो. प्राप्तिकराचा परतावा म्हणतो तेव्हा आपण जादा भरलेली रक्कमच परत येते ना, तसं. म्हणजे इथे सगळा भार 'वर'वर आहे. मुद्दलाची फेड वेगळी आणि मुद्दलावरचं व्याज वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच चालीवर 'भांडवलावरील परतावा' म्हणावं.

कुणी 'उतारा'ही सुचवतात. शंभर किलो ऊस गाळून अकरा किलो साखर निघाली की उतारा ११ टक्के. शब्द देखणा आहे, पण गाळलेला ऊस संपतो. भांडवल वर्षअखेरीलाही धंद्यातच असतं. म्हणून तो इथे बसत नाही.

आता 'एम्प्लॉइड'. 'वापरातील भांडवल' लिहिलं की वाचणारा खेळतं भांडवल समजतो. खेळतं भांडवल म्हणजे चालू मालमत्ता वजा चालू देणी. इथे एकूण मालमत्तेतून चालू देणी वजा करायची असतात. 'कामी लावलेलं भांडवल' म्हणा. 'रिटर्न ऑन इन्व्हेस्टेड कॅपिटल' या दुसऱ्या मापातल्या 'इन्व्हेस्टेड'साठी 'गुंतवलेलं' ठेवा आणि दोघांची अदलाबदल करू नका, कारण आकडे वेगळे येतात.

समजा, भागभांडवल २० कोटी, राखीव निधी ४० कोटी, कर्ज ४० कोटी. कामी लावलेलं भांडवल झालं १०० कोटी. मूळ धंद्यातून व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा १८ कोटी असेल, तर परतावा १८ टक्के. यातले २० कोटी बँकेत मुदत ठेवीत पडून असतील, तर गुंतवलेलं भांडवल ८० कोटीच, कारण त्यात धंद्याबाहेर पडून असलेला पैसा धरत नाहीत. त्यासाठी नफाही करोत्तर धरतात: २५.१७ टक्के दराने कर वजा जाता १३.४७ कोटी, म्हणजे परतावा सुमारे १६.८ टक्के. नेहमीची चूक इथेच होते. ठेव छेदातून काढतात, पण तिचं व्याज 'इतर उत्पन्ना'तून अंशात तसंच राहतं आणि कंपनी आहे त्यापेक्षा कर्तबगार दिसते.

बातमीत आणखी एक घोटाळा असतो. परतावा १२ वरून १५ टक्क्यांवर गेला की 'तीन टक्क्यांनी वाढला' असं छापतात. वाढ खरं तर २५ टक्क्यांची आहे. तीन आहेत ते टक्केबिंदू. 'बारावरून पंधरा टक्क्यांवर गेला' असं सरळ लिहावं.

गोषवाऱ्यात 'सरासरी' हा शब्दही गाळू नका. नफा वर्षभराचा असतो आणि ताळेबंद मात्र ३१ मार्च या एका दिवसाचा. मार्चअखेरीस नव्या कारखान्यासाठी मोठं कर्ज उचललं, तर छेद एकदम फुगतो, पण त्या पैशाने अजून एक रुपयाही कमावलेला नसतो. म्हणून वर्षारंभीच्या आणि वर्षअखेरच्या भांडवलाची सरासरी घेतात. ती घेतली असेल तर शीर्षक 'कामी लावलेल्या सरासरी भांडवलावरील परतावा' असं पूर्ण द्या.