चाकूचं मार्शल आर्ट शिकायचंय, शिक्षक कसा निवडू?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, आधी थोडं कराटे झालंय, आता चाकूवर भर असलेलं काहीतरी शिकायचंय. इन्स्टाग्रामवर दोन-तीन क्लास दिसले, सगळेच स्वतःला ‘मास्टर’ म्हणवतात, मग खरा कोण ते कसं ओळखायचं? मी बरीच वर्षं आर्निस करतोय. ही फिलिपिन्सची काठी आणि चाकूची विद्या. कुणी तिला एस्क्रिमा म्हणतं, कुणी काली. २००९ साली तिथल्या सरकारने कायदा करून तिला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. चाकू शिकवणारे आपल्याकडचे बरेचसे क्लास तिच्यातूनच काही ना काही उचलतात, म्हणून तिच्याच अनुभवावरून सांगतो.

व्हिडिओ बघणं सोडा आणि एक अख्खा क्लास कोपऱ्यात बसून बघा. बसू देत नसतील तर विषय तिथेच संपला. बघताना नजर शिक्षकावर ठेवू नका, त्याच्यासमोर रबरी चाकू धरून उभ्या असलेल्या पोरावर ठेवा. तो एक वार करतो आणि हात तसाच पुढे ताणून थांबतो का? थांबत असेल, तर त्या थिजलेल्या हातावर शिक्षक काय वाट्टेल ते करू शकतो. मनगट पिरगाळेल, चाकू काढून घेईल, वर तीन वार परत करेल. टाळ्या पडतात. खरा हल्लेखोर मात्र अंगाला भिडेपर्यंत चाकू दाखवत नाही. एका हाताने कॉलर किंवा बाही धरतो आणि दुसऱ्याने शिलाई मशीनच्या सुईसारखा भोसकत राहतो. हात पुढे येतो तितक्याच वेगाने मागे जातो, पकडायला मिळतच नाही.

नवशिक्यांना सुरुवातीला संथ शिकवतात, त्यात काही गैर नाही. कोन समजायला, पाय कुठे टाकायचा ते कळायला वेळ लागतो. हुबुद, सुम्ब्राडा असे लयीत चालणारे जोडीचे सराव हातांना सवय लावण्यासाठीच असतात. पण जुनी पोरंसुद्धा वर्षानुवर्षं तेवढंच करत असतील आणि शिक्षक त्यालाच लढत म्हणत असेल, तर तो तुम्हाला नाच शिकवतोय. जुन्यांचा सराव बघायला मागा. समोरचा मनापासून विरोध करतोय का, चाकूचा हात सोडवून घेतोय का, शिव्या देत, ढकलत अंगावर येतोय का?

माझी आवडती परीक्षा पांढऱ्या टी-शर्टची. सरावाच्या चाकूच्या धारेला लाल लिपस्टिक फासायची, एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने वाचायचं, आणि मिनिटाभराने टी-शर्ट बघायचा. चांगल्या माणसाच्याही हातांवर, पोटावर रेघा उमटतात. जो शिक्षक स्वतः पांढरा टी-शर्ट घालून उभा राहतो आणि नंतर त्या रेघा दाखवत ‘इथे मी मेलो असतो’ म्हणतो, त्याला फी द्या. ‘मला कुणी चाकू लावूच शकत नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

प्रमाणपत्रांवर फार जाऊ नका. दोन दिवसांच्या सेमिनारनंतरही भिंतीवर लावण्याजोगा कागद मिळतो. त्यापेक्षा थेट विचारा: तुमचे गुरू कोण, त्यांच्याकडे किती वर्षं शिकलात, अजून जाता का? फिलिपिनो परंपरेत हा प्रश्न कुणाला झोंबत नाही, कारण त्यांच्या शाळा गुरूच्या नाहीतर घराण्याच्या नावानेच ओळखल्या जातात. उत्तरात ‘कमांडोंना शिकवलंय, पण ते गुप्त आहे’ असं ऐकू आलं तर मी तरी पुढचं ऐकत नाही. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात; ते कुस्तीत शोभतं, इथे राखून ठेवलेल्या डावाचा तुम्हाला काय उपयोग?

तुम्हाला परंपरेची ओढ असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या तालमींमध्ये मर्दानी खेळ अजून शिकवतात. दांडपट्टा, लाठी, फरी-गदका, शिवाय कट्यार, बिचवा. अंगात चपळाई येते, इतिहासाशी नातं जुळतं. फक्त आज रस्त्यावर चाकू निघाला तर काय, हा त्याचा मुख्य प्रश्न नाही, आणि चांगला वस्ताद ते स्वतःच सांगतो.

सुरक्षेचं थोडक्यात: डोळ्यांवर गॉगल हवाच, खरं पातं दाराबाहेर, आणि वेग वाढवायचा असेल तेव्हा सरावाचा ॲल्युमिनियमचा चाकू खाली ठेवून रबरी किंवा फोमचा उचलायचा. रक्तस्राव कसा थांबवायचा हे शिकवणारा भेटला तर त्याला माझ्याकडून दोन गुण जास्त. हातापायाला टूर्निके (जखमेच्या वर करकचून आवळायचा पट्टा), जांघेत किंवा काखेत जखमेत कापड कोंबून दाब, आणि १०८ ला फोन.

कायद्याबद्दल तो काय बोलतो तेही ऐका. घरगुती, शेतीच्या वगैरे कामाची हत्यारं सोडली, तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. शिवाय पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा त्याहून लहान चाकूही अंगावर बाळगणं महागात पडू शकतं. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. पळणाऱ्याच्या मागे धावून वार केलात, तर आरोपी तुम्हीच. ‘खिशात एक करंबिट (वाघनखासारखा वाकडा छोटा चाकू) ठेवत जा’ असा सल्ला पहिल्याच आठवड्यात देणारा शिक्षक तुम्हाला कोर्टात सोडवायला येणार नाही.

पहिल्यांदा एकाच महिन्याची फी भरा, वर्षाची सवलत कितीही गोड वाटो. आणि जवळपास कुणीच धड सापडलं नाही, तर वर्षभर ज्युदो किंवा कुस्ती करा. समोरच्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवणं, त्याला भिंतीला रेटणं आणि तोल जाऊ न देणं तिथे रोज जिवंत विरोधाविरुद्ध शिकायला मिळतं. पुढे चाकूचा शिक्षक भेटला, की तोही बहुधा तिथूनच सुरुवात करेल.