मुलाखतीच्या खोलीत शब्द का सापडत नाहीत?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावात राहते. आमची केळीची बाग आहे. गेल्या वर्षी मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील दोन कारखान्यांत प्रयोगशाळा सहायक पदासाठी मुलाखती दिल्या, पण दोन्हीकडे निवड झाली नाही. पहिल्या वेळी स्वतःविषयी इंग्रजीत सांगायला सांगितले, तेव्हा मोबाइलवरून उतरवून पाठ केलेला परिच्छेद तिसऱ्या वाक्यानंतर आठवेनासा झाला. दुसऱ्या वेळी "प्रकल्प कशावर केला?" असे विचारले, तर "पाण्यावर" एवढेच बोलून मी गप्प झाले. वास्तविक आमच्या गावातल्या १२ विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा जडपणा, मी स्वतः तपासला होता. त्याच गडबडीत 'आहे'ऐवजी 'शे' तोंडून निघाले आणि समोरचे एक गृहस्थ हसले. "लग्न झाल्यावर नोकरी सोडाल ना?" असेही विचारले गेले. पुढच्या महिन्यात तिसरी मुलाखत आहे. आत्मविश्वास कुठून आणावा?
— एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ज्या उत्तरावर तुमची निवड व्हायला हवी होती, ते उत्तर या पत्रातच आहे. मुलाखतीच्या खोलीत मात्र ते उच्चारले गेले नाही. बारा ठिकाणचे पाणी स्वतः आणून तपासणारी मुलगी "पाण्यावर" या एका शब्दावर थांबते, याचे कारण तिला विषय येत नाही हे नसून, तो विषय आजवर तिने कोणाला तोंडी सांगितलेलाच नसतो हे आहे. आपल्याकडे प्रकल्प लिहून काढतात, बांधून घेतात, सही घेतात आणि कपाटात ठेवून देतात.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत २२ वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे उमेदवारांच्या मुलाखतीही घेतल्या. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला मुख्यतः एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे बायोडेटात लिहिलेले काम या व्यक्तीने स्वतःच्या हातांनी केले आहे की नाही. ते पाठांतरातून कळत नाही, तपशिलातून कळते. म्हणून "मी मेहनती आहे, मला संघात काम करायला आवडते" अशी मोबाइलवरची वाक्ये सोडून द्यावीत. ती त्या दिवशी आलेल्या प्रत्येक उमेदवाराने पाठ केलेली असतात.

त्याऐवजी तुमचा प्रकल्प असा सांगून पाहा. विहिरीचे ५० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घेतले, पीएच १० च्या आसपास राहावा म्हणून बफर घातले, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलून दाखवणारा दर्शक टाकल्यावर पाणी द्राक्षासवासारखे लाल झाले, मग ब्युरेट या मापनळीमधून त्या क्षारांना बांधून घेणारे ०.०१ मोलर ईडीटीए द्रावण थेंबाथेंबाने सोडले आणि लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला तिथे थांबले. समजा त्याला ३२ मिलिलिटर लागले, तर हार्डनेस लिटरला ६४० मिलिग्रॅम आला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालते, म्हणजे हे पाणी त्याही पलीकडे गेले. हे गणित कागदाकडे न पाहता करता आले पाहिजे, कारण पुढचा प्रश्न हमखास तिथेच येतो. निळा रंग येण्याआधी मधे जांभळट छटा येते, तिथेच घाईने वाचन घेतले तर काय होते, हे तुम्ही अनुभवले असेल. एखादा नमुना चुकून पुन्हा करावा लागला असेल, तर तेही सांगावे. माझ्या अनुभवात चूक आणि तिची दुरुस्ती सांगणाऱ्या उमेदवारावर माझा विश्वास लगेच बसत असे, कारण प्रयोग न केलेल्या माणसाला चुकीची गोष्ट रचता येत नाही.

आता हे पाठ करू नका, वडिलांना सांगा. उद्या संध्याकाळी बागेत जाऊन त्यांना विचारा, की ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडावर पांढरा थर का धरतो आणि त्यासाठी आपण नळ्यांमधून ॲसिड का सोडतो. जड पाण्यातले क्षार तिथे कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतात आणि ॲसिडमध्ये विरघळतात, हे तुम्ही त्यांना घरच्या बोलीत समजावून सांगाल; मग ते विचारतील, "मंग आपली हिर कितली जड शे?" हाच प्रश्न मुलाखतीत वेगळ्या शब्दांत येणार आहे. वडिलांना एकदा, आईला एकदा आणि रसायनशास्त्र न शिकलेल्या मैत्रिणीला एकदा, असे तीन वेळा मोठ्याने सांगितले की वाक्ये आपोआप जुळू लागतात. प्रत्येक वेळी ती थोडी निराळी येतील आणि तेच हवे आहे. पाठ केलेल्या परिच्छेदातला एक शब्द निसटला की सगळा परिच्छेद कोसळतो. समजून सांगितलेल्या गोष्टीत दुसऱ्या शब्दाने पुढे जाता येते.

'शे'विषयी मला थोडे ठामपणे लिहायचे आहे. हसणारे गृहस्थ चुकले, तुम्ही नाही. तुमच्या पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असेल, त्याला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांच्या ओव्या लेवा बोलीत आहेत. तेव्हा बोली ओठांवर येण्यात कमीपणा मानू नये. व्यवहारापुरते एवढेच करावे, की बोलण्याचा वेग थोडा कमी ठेवावा, कारण घाईतच बोलीतले रूप आधी बाहेर येते. आले तरी माफी न मागता वाक्य पूर्ण करावे.

इंग्रजीचेही तसेच आहे. नाव, गाव, शिक्षण आणि प्रकल्पाचा विषय अशी चार लहान वाक्ये स्वतः लिहून तयार ठेवा, आणि पुढचे अडले तर "सर, हा भाग मराठीत सांगितला तर चालेल का?" असे सरळ विचारा. प्रयोगशाळेच्या कामासाठी माणूस निवडताना ही विनंती आमच्यापैकी कोणी कधी नाकारल्याचे मला आठवत नाही.

लग्नाचा प्रश्न विचारलाच जायला नको. भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही स्पष्ट लिहिले होते. तरी तो विचारला जातो, आणि त्या क्षणी भांडण किंवा रडू, दोन्ही आपल्याच नुकसानीचे ठरते. "सर, मला हे काम दीर्घकाळ करायचे आहे. कामाच्या पाळ्या आणि प्रशिक्षण यांविषयी विचारू का?" असे म्हणून संभाषण कामाकडे वळवावे. घरात लग्नाची बोलणी चालू असली तरी ते तिथे सांगण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. मात्र मुलाखतीपूर्वी घरी बसून एकदा स्पष्ट बोलून घ्या, की रात्रपाळी असेल तर काय करायचे आणि जळगावात राहावे लागले तर कुठे राहायचे. या दोन प्रश्नांवर "घरी विचारून सांगते" असे उत्तर देणाऱ्या कितीतरी हुशार मुली माझ्यासमोरून परत गेल्या आहेत, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

एखादे उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही" असे म्हणावे आणि त्याच्या जवळचे जे येते ते सांगावे. प्रश्न ऐकल्यावर दोन-तीन श्वास थांबलेले कोणालाही खटकत नाही. एकदा पारोळ्याकडचा एक मुलगा उत्तर सांगता सांगता अडखळला, तेव्हा त्याने कागद मागून घेतला आणि गाळणीच्या टाकीतले वाळूचे थर काढून दाखवले. त्या आकृतीवर आमची पुढची दहा मिनिटे गेली आणि तो रुजू झाला.

बाकी तयारी थोडक्यात सांगते. मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्सचे दोन संच आदल्या रात्री फाइलमध्ये लावावेत, सोबत प्रकल्पाची प्रत न विसरता ठेवावी, आधी एक-दोनदा घातलेलाच स्वच्छ पोशाख घालावा आणि नेहमीच्या एस.टी.च्या आधीची गाडी पकडावी.

प्रश्न : ताई, माझी मुलाखत मोबाइलवर व्हिडिओ कॉलने होणार आहे. आमच्या पाड्यावर रेंज टिकत नाही. शिवाय 'नोंदणी शुल्क' म्हणून दीड हजार रुपये आधी भरायला सांगितले आहेत. काय करावे?
— एक वाचक, ता. अक्राणी, जि. नंदुरबार

उत्तर : रेंजची अडचण सोपी आहे. मुलाखतीच्या दिवशी धडगावात किंवा तळोद्यात ओळखीच्या घरी अथवा महाविद्यालयात एक खोली तासाभरासाठी मागून घ्या, फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा, खिडकी पाठीमागे नको, समोर असू द्या, आणि कॉल तुटल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

पैशांची गोष्ट मात्र गंभीर आहे. खऱ्या कंपन्या मुलाखतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. दीड हजार रुपये भरू नका, ओटीपी किंवा बँकेचा तपशील देऊ नका. त्या कंपनीच्या कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून, अशी मुलाखत खरोखर ठेवली आहे का ते विचारा. पैसे आधीच पाठवले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि आलेले संदेश पुसून टाकू नका.