सायबर वॉरफेअरचा सरकारांना खरंच गंभीर धोका आहे का?

तुम्ही विचारलंय की सायबर वॉरफेअरमुळे सरकारांना खरंच धोका आहे की हा टीव्हीवाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, आणि खाली लिहिलंय की एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. मी वीज क्षेत्रात आहे, सबस्टेशनचे रिले, स्काडा (म्हणजे लांबून सबस्टेशन बघायची-चालवायची कॉम्प्युटर सिस्टिम) वगैरे (कंपनीचं नाव नको, अजून नोकरी करायचीय), त्यामुळे उत्तर विजेकडे झुकणार हे आधीच सांगून टाकतो.

धोका आहे आणि चांगलाच आहे. फक्त टीव्हीवर दाखवतात तसला नाही, की हूडीवाल्या पोराने कुठेतरी एंटर दाबला आणि अख्खा देश अंधारात. प्रत्यक्षात काय होतं ते युक्रेनच्या केसमध्ये बघा, आमच्या लाइनमधल्या लोकांनी ती केस अक्षरशः पाठ केलीय.

२३ डिसेंबर २०१५, पश्चिम युक्रेनमधला इव्हानो-फ्रँकिव्हस्क भाग. दुपारी साडेतीनच्या आसपास तिथल्या वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यादेखत त्याच्या स्क्रीनवरचा माऊसचा बाण आपोआप सरकायला लागला. ब्रेकरवर (सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) गेला, ओपनची म्हणजे सप्लाय तोडायची कमांड दिली, कन्फर्म केलं, एक सबस्टेशन बंद. मग पुढचा ब्रेकर. त्या माणसाने माऊस धरून हलवून बघितला, काही फरक नाही, आणि मग सिस्टिमने त्यालाच लॉगआऊट केलं, परत आत जायला बघतो तर पासवर्ड बदललेला. एकूण तीन कंपन्या, सुमारे ३० सबस्टेशन आणि सव्वादोन लाखाच्या आसपास ग्राहक, तेही ऐन डिसेंबरच्या थंडीत.

आत घुसले कसे तर ईमेलला जोडलेली मायक्रोसॉफ्ट ऑफिसची एक फाईल, तिच्यात मॅक्रो (फाईलच्या आत लपलेला छोटा प्रोग्राम) चालू करा म्हणून मेसेज, कोणीतरी केला चालू. आणि हे सगळं कित्येक महिने आधी झालेलं. मधल्या काळात ते नुसते आत बसून बघत होते, कोणाचे पासवर्ड काय, व्हीपीएनने आत कसं जायचं, कुठली स्क्रीन कशाची.

मला त्यातला सगळ्यात वाईट भाग वेगळाच वाटतो. ब्रेकर उघडल्यावर त्यांनी सबस्टेशन आणि कंट्रोल रूमच्या मधले कमांड पोचवणारे कन्व्हर्टर आतलं सॉफ्टवेअर बिघडवून कायमचे निकामी केले, म्हणजे लांबून ब्रेकर परत क्लोज करायची सोयच संपली. कंट्रोल रूमचा यूपीएस ठरवून बंद केला, म्हणजे जे लाइट आणणार तेच अंधारात. आणि कंपनीच्या कॉल सेंटरवर खोट्या फोनचा पाऊस पाडला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोनच लागेना. ज्याने कोणी हे आखलं त्याला लाइट गेल्यावर कंट्रोल रूममधली माणसं काय काय करतात याचा नीट अभ्यास होता.

तरीपण एक ते सहा तासांत सप्लाय आला. कसा? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि हाताने ब्रेकर चढवले. बस्स. कंट्रोल रूमच्या सिस्टिम पूर्ववत व्हायला पुढे कित्येक महिने लागले पण लोकांच्या घरात रात्रीपर्यंत दिवे लागलेले होते. माझं मत विचाराल तर सरकारला धोका किती याचं माप हॅकर किती हुशार यात नाही, कॉम्प्युटर मेल्यावर ते काम हाताने करणारी माणसं तुमच्याकडे उरलीत का यात आहे. आणि ती कमी होत चाललीत. जुन्या सबस्टेशनवर तिन्ही शिफ्टला ऑपरेटर असतो, लॉगबुक असतं, ब्रेकरचा आवाज ऐकून काय झालं ते सांगणारे लोक असतात. नवीन सबस्टेशन रिमोटवर चालतात, तिथे वॉचमन सोडून कोणी नाही. पगार वाचतो हो, मान्य आहे.

आता तुम्ही सरकार असा शब्द वापरलाय तर कोस्टा रिकाची केस बघाच. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशाला १९४८ पासून लष्करच नाही. एप्रिल २०२२ मध्ये काँटी नावाच्या रॅन्समवेअर (सिस्टिम लॉक करून खंडणी मागणाऱ्या) टोळीने त्यांच्या अर्थखात्याच्या सिस्टिम लॉक केल्या. टॅक्स भरायचं पोर्टल बंद, कस्टम्स बंद, आयात-निर्यातीचा माल अडकला, पगाराच्या सिस्टिमचा घोळ झाला आणि शिक्षक पैसे मिळाले नाहीत म्हणून रस्त्यावर उतरले. नवे राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो चावेस यांनी ८ मे ला शपथ घेतली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, सायबर हल्ल्यावरून अशी आणीबाणी त्याआधी कुठल्या देशाने लावली नव्हती. टोळीने खंडणी एक कोटी डॉलरवरून दोन कोटीवर नेली आणि वर सरकार उलथवून टाकू अशी धमकीपण दिली. मे संपता संपता दुसऱ्या टोळीने तिथली सरकारी आरोग्य व्यवस्था पाडली, हॉस्पिटलमध्ये परत कागद-पेन आलं. सरकार पडलं नाही. पण ज्या सरकारला टॅक्स गोळा करता येईना आणि मास्तरांचा पगार धड काढता येईना त्याला पडायला अजून काय बाकी राहतं ते तुम्हीच ठरवा.

यात अजून एक भानगड आहे ती म्हणजे मारायचं एकाला आणि लागतं भलत्याला. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमध्ये कंपन्या टॅक्सचे हिशोब भरायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्याच्या अपडेटमधूनच तो सोडला, निशाणा युक्रेन, पण तो थांबतोय थोडाच. डेन्मार्कच्या मर्स्क या शिपिंग कंपनीला नंतर ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, आणि आपल्या उरणच्या जेएनपीटीतलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनलसुद्धा त्यात ठप्प झालं. म्हणजे भांडण कीव्ह आणि मॉस्कोचं आणि कंटेनर अडकले न्हावा शेव्यात. मर्स्कच्या नेटवर्कचा मुख्य डेटा जिथे असतो ते सर्व्हर जगभर सगळीकडे एकदम पुसले गेले, एकच कॉपी वाचली ती घानाच्या ऑफिसात, कारण त्या वेळी तिथे लाइट गेलेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. आमच्या ऑफिसात हा किस्सा सांगितला की सगळे हसतात, लोडशेडिंगचा असा फायदा कोणी सांगितला नव्हता. अमेरिकन सरकारने एकूण नुकसानीचा आकडा १० अब्ज डॉलर सांगितला होता.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर मी पण बागुलबुवाच दाखवतोय असं होईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युद्ध सुरू केलं त्या पहाटे व्हायासॅट कंपनीच्या सॅटेलाइट इंटरनेटचे मोडेम हजारोंनी निकामी केले, त्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला. चक्क्या फिरतच होत्या, फक्त लांबून दिसेनात. एप्रिलमध्ये युक्रेनचे सबस्टेशन परत बंद करायचा प्रयत्न झाला तो त्यांनी पकडला. आणि मग ऑक्टोबरपासून रशियाने काय केलं, तर सरळ मिसाईल आणि ड्रोन टाकून ट्रान्सफॉर्मर उडवायला सुरुवात केली. हॅक झालेला ब्रेकर माणूस हाताने चढवतो हो, जळालेला मोठा ट्रान्सफॉर्मर नवीन मिळायला वर्ष वर्ष जातं. त्यामुळे उघड युद्ध पेटल्यावर सायबर हल्ला दुय्यम ठरतो असं मला वाटतं, त्याची खरी जागा त्याच्या आधी आहे, जेव्हा युद्ध आहे की नाही हेच कोणाला ठरवता येत नाही.

आणि इथे आपली मुंबई येते. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात, लोकल जागच्या जागी उभ्या, कोविडचे दिवस त्यामुळे घरून काम करणारेपण गप्प. कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइनी एकामागून एक गेल्या, आणि बाहेरचा ग्रिड पडला तर मुंबई स्वतःच्या जनरेशनवर वेगळी चालावी म्हणून जी आयलंडिंगची सोय आहे ती त्या दिवशी टिकली नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीला रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीचा रिपोर्ट आला की चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पेरलाय, मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही असं त्यांनीही म्हटलं होतं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की सायबर सेलच्या प्राथमिक अहवालात घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले मानवी चूक, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. ब्लॅकआऊट एकच, सरकारं दोन, कारणं दोन. माझा स्वतःचा कल मेंटेनन्स आणि लोडच्या गणिताकडे आहे, काही लाइनी आऊटेजवर (दुरुस्तीसाठी बंद) असताना उरलेल्यांवर ताण आला की काय होतं हे आम्ही रोज बघतो, त्याला चीन लागत नाही. पण बघा, शत्रूने काहीही न करतासुद्धा आपण एकमेकांवर बोट दाखवत बसलो. २०१९ ला तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचं पण तेच, आधी प्रकल्पाकडून सांगितलं असा हल्ला शक्यच नाही, दुसऱ्या दिवशी तो चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने मान्य केलं की प्रशासकीय कामाच्या एका पीसीत मालवेअर सापडला होता, प्लांटची कंट्रोल सिस्टिम वेगळी असल्याने तिला काही झालं नव्हतं. हे पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर अर्धी अफवा झाली नसती.

मुलाखतीत विचारलंच तर स्टक्सनेटने (इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं बिघडवणारा व्हायरस) सुरुवात करू नका, प्रत्येक जण तेच करतो आणि पॅनेल कंटाळलेलं असतं. कोस्टा रिका सांगा. मुंबईचं सांगायचं असेल तर दोन्ही मंत्र्यांची विधानं सांगा आणि चीनने केलं असं छातीठोकपणे म्हणू नका, समोर वीज खात्यातून आलेला कोणी बसला असेल तर तो विचारेल की पडघ्याच्या लाइनवर त्या दिवशी काय चालू होतं.