फोनशेजारची वही आणि फुटलेली कवेलू

हिंगणघाट
रविवार सकाळ

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. "काका, आपली वेबसाइट जुनी झाली म्हणून राहिले सगळे. नागपूरच्या एका माणसाने नवी करायचे साठ हजार सांगितले. खरंच जुनी झाली का, हे ओळखायचं कसं?" याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक काम कर. साइट उघडू नकोस. शंभर पानी वही घे आणि बाबांच्या फोनशेजारी ठेव. पंधरा दिवस जो जो फोन येईल, त्याने काय घेतलं ते नाही, काय *विचारलं* ते लिही. त्याच्याच शब्दांत.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तू समुद्रपूरला गेली होतीस. बाबा चक्कीवर हळद दळून घेत होते. मी अर्धा तास बसलो असेन, तेवढ्यात तीन फोन आले. हात मनगटापर्यंत पिवळे, म्हणून ते बोटाच्या मागच्या पेराने स्पीकर दाबायचे. फोनच्या काचेवर हळदीचा एक गोल डागच पडला आहे. पहिली बाई पुण्याची. तिने विचारलं, अर्धा किलोची पुडी मिळते का? दुसऱ्याने विचारलं, कुरिअरचे किती पडतील, पैसे कुठे पाठवू? तिसऱ्याने विचारलं, ही खरी वायगावचीच, म्हणजे आपल्याकडची नावाजलेलीच हळद आहे ना? बाबांनी तिघांनाही न कंटाळता सांगितलं. चौथा फोन वाजला तेव्हा चक्कीत माल होता, तो काही त्यांना उचलता आला नाही.

घरी येऊन मी तुमची साइट उघडली. त्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर तिथे नाही. तिथे लिहिलं आहे, "उत्तम प्रतीचे हळकुंड घाऊक दरात मिळेल. संपर्क करा." खाली एक लँडलाइन नंबर.

ही साइट २०१४ ची. तेव्हा ती चुकीची नव्हती, हे आधी लक्षात घे. तेव्हा बाबा पोत्याने व्यापाऱ्याला माल द्यायचे. व्यापाऱ्याला नाव आणि नंबर एवढंच लागतं, बाकीचा सौदा तोंडी. आज तुम्ही दळलेली हळद पुड्यांत भरून पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवता. गिऱ्हाईक बदललं, माल विकायची रीत बदलली, साइट मात्र त्या जुन्या व्यापाऱ्याशीच बोलून राहिली. वेबसाइट जुनी होते ती अशी. रंग विटला म्हणून होत नाही. धंदा चार कोस पुढे निघून जातो आणि ती तिथेच उभी राहते.

म्हणून वही. एकच प्रश्न वहीत पाच-सहा वेळा आला की तो साइटवर नाही, किंवा असूनही सापडत नाही, असं समज. त्याच्या जोडीला गुगलचं सर्च कन्सोल लावून घे; फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत पोचतात ते त्यात दिसतं. वहीतले शब्द आणि तिथले शब्द शेजारी ठेवून वाच. लोक "घरगुती हळद पावडर" शोधत असतील आणि साइटभर "हळकुंड, घाऊक" एवढंच असेल, तर ते तुमच्या दारावरून पुढे जातात.

दुसरी परीक्षा जाम गावच्या चौरस्त्यावर घे. नव्या फोनवर, घरच्या वायफायवर साइट पाहशील तर ती तुला चांगलीच दिसेल. तुझ्या आजीचा फोन घे, चार-पाच वर्षं जुना, मेमरी भरलेला. एसटीची वाट पाहत उभी राहा आणि मोबाइल डेटावर उघड. मनातल्या मनात आकडे मोज. पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गुगलचं माप आहे. मी मोजलं तेव्हा तुमच्या शेताचा पहिला फोटो यायला अकरापर्यंत मोजावं लागलं. कारण साधं आहे. फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवला आहे, एकेक चार-पाच एमबीचा. तोच फोटो आकाराने लहान करून वेबपी स्वरूपात ठेवला तर शे-दीडशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. हे काम साठ हजारांचं नाही, एका दुपारचं आहे.

त्याच वेळी अंगठ्याने फोन नंबर दाबून पाहा. थेट फोन लागतो, की नंबर कागदावर उतरवून घ्यावा लागतो? अक्षर वाचायला दोन बोटांनी पान मोठं करावं लागतं का? तसं असेल तर साइट मोबाइलसाठी बनलेलीच नाही. गुगलने २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला सोयीच्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली, आणि आता तर साइटचं मोबाइलवरचं रूपच प्रमाण धरून ती नोंदवली जाते. हळद मागवणारी बाई स्वयंपाकघरात फोन घेऊनच उभी असते, संगणकासमोर नाही.

आता बाहेरचं जग बदलतं ते. हे आपल्याकडे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपण काहीच केलेलं नसतं, तरी साइट चुकीची होते. सेलूकडच्या एका कृषी पर्यटनवाल्यांच्या साइटवर "कसे याल" म्हणून एक पान होतं. नागपूरहून वर्धा रोडने या, अमुक नाक्यावर वळा, तमुक पेट्रोल पंप. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांची वाटच बदलली. पान मात्र तेच. लोक समृद्धीवरून उतरून त्यांना फोन करायचे, "भाऊ, तो पेट्रोल पंप काही दिसून नाही राहिला." ताडोब्याजवळ ज्यांचे होमस्टे आहेत त्यांचंही असंच. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांचा पाच झाला. ज्यांची नोंदणी आहे आणि साइटवर अजून जुना कर धरून दर लावला आहे, ते पाहुण्याशी पहिल्याच ओळीत खोटं बोलतात. मनात नसताना बोलतात, पण पाहुण्याला ते कसं कळणार?

तुमच्या बाबतीत बाहेरची मोठी गोष्ट म्हणजे वायगाव हळदीला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे ही हळद या भागाचीच अशी सरकारी ओळख. एवढा मान आपल्या भागाला मिळाला आणि साइटवर त्याचा एक शब्द नाही! ते लिहायलाच हवं, पण एक बघ. मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. बाबांची नोंद झाली आहे का ते आधी विचार. नसेल तर ती आधी करून घ्या, मग पुडीवर आणि साइटवर छापा. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबरही तिथे दिसू दे. तिसऱ्या फोनवाल्याच्या "खरी वायगावचीच ना?" या प्रश्नाला शब्दांनी नाही, अशा नोंदींनी उत्तर द्यायचं असतं.

पत्त्याच्या पट्टीत "नॉट सिक्युअर" लिहून येतं, ते तुला दिसलं असेलच. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे गिऱ्हाईक आणि साइट यांच्यातली माहिती मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशी सोय; जुलै २०१८ पासून क्रोम ते नसलेल्या प्रत्येक साइटवर हे दाखवतो. जिथे लोकांनी पैसे पाठवायचे तिथे हे अक्षर दिसलं की माणूस बिचकतो, आणि बिचकायलाच हवा. सर्टिफिकेट फुकट मिळतं, मुदत संपायच्या आधी आपोआप नवं होईल अशी सोय करून घेता येते. हे आजच कर, बाकीचं नंतर.

आणि मराठी. "आमच्याविषयी" या पानावर आजोबांनी लिहिलेला मजकूर आहे ना, तो माझ्या फोनवर नुसता चिन्हांचा कचरा दिसला. तो युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे तो वाचता येत नाही, आणि गुगलच्या लेखी तर तो मराठीच नाही. दरपत्रक तुम्ही फोटो म्हणून टाकलं आहे, त्याचीही तीच गत: आकडा बदलायचा तर फोटो पुन्हा बनवा. आजोबांचं पान युनिकोडमध्ये पुन्हा टाइप कर, शब्दही बदलू नकोस. हळद शिजवायची, वाळवायची, घोळायची ती पद्धत त्यांनी जशी लिहिली आहे तशी आता कुणी लिहीत नाही. त्या साइटवर सगळ्यात मोलाचं तेवढंच आहे.

आता जी लक्षणं खरी नाहीत, ती सांगतो. रोज बघून तुला तिचा कंटाळा आला आहे, हे लक्षण नाही. गिऱ्हाईक ती वर्षातून दोनदा बघतं. दुसऱ्याच्या साइटवर फोटो सरकतात आणि आपल्या साइटवर सरकत नाहीत, हेही नाही. "तुमची साइट गुगलमध्ये खाली गेली, ताबडतोब नवी करा," असा अनोळखी माणसाचा फोन आला, तर त्याला विचार, कोणत्या शब्दाला खाली गेली? तो शब्द सांगू शकला नाही तर फोन ठेव.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरतात, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. माणूस वर चढतो, एकेक कवेलू उचलतो, फुटलं ते काढतो, चांगलं ते परत ठेवतो. घर पाडत नाही कुणी. पण हात फिरवताना खालचा वासा कुजलेला लागला, तर मग तिथलं छप्पर उतरवावंच लागतं. कुजक्या वाशावर नवी कवेलू घालण्यात अर्थ नसतो. दर, फोटो, नंबर, रस्ता, सर्टिफिकेट ही सगळी कवेलू. वासा कुजला हे कशावरून ओळखायचं? साइट मोबाइलवर बसतच नसेल. एक दर बदलायला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या पाया पडावं लागत असेल. ज्या सॉफ्टवेअरवर ती उभी आहे त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं असेल. साइट जिथे ठेवली आहे त्या होस्टिंगच्या पॅनलमध्ये पीएचपीची, म्हणजे साइट चालवणाऱ्या भाषेची, आवृत्ती बघ, ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, तुमची त्याहून जुनी असणार. किंवा धंद्याचं गिऱ्हाईकच बदललं असेल. तुमच्याकडे चारही आहेत, म्हणून माझं मत असं की नवी करावीच. पण पाच पानांची: हळद आणि दर, मागवायची रीत, बाबांची शेती, आजोबांचं पान, पत्ता. पैसे यूपीआयने आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेणार असाल, तर साठ हजारांचं दुकान उभारायची आज गरज नाही.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती तुझ्याकडून होऊ नये. वरुडकडच्या एका संत्रा कलमांच्या रोपवाटिकेची साइट मी नवी केली. त्यांचं एक जुनं पान होतं, जंबेरी खुंटावरची कलमं आणि रंगपूर खुंटावरची कलमं (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) यांत फरक काय, कोणत्या जमिनीला कोणतं. दिसायला अगदी साधं, पण कास्तकार शोधत शोधत त्याच पानावर यायचे. मी नव्या साइटवर सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय, ज्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, ती केली नाही. तेही मे महिन्यात. जूनमध्ये, ऐन लागवडीच्या दिवसांत, त्यांचा फोन वाजेनासा झाला. जुन्या लिंकवर येणाऱ्याला "पान सापडले नाही" एवढंच दिसत होतं. मालकांच्या ओट्यावर बसून मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, आणि रात्रीतून सगळे पत्ते वळवून दिले. तरी तो हंगाम काही परत आला नाही. त्यांच्या मुलीने नर्सरीच्या मागे ठेवलेली, विकली न गेलेली कलमं मला दाखवली. काळ्या पिशव्यांतून मुळं बाहेर आली होती.

म्हणून जुन्या साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता आधी वहीच्या मागच्या पानावर उतरव आणि त्याच्यापुढे नवा पत्ता लिही. एकही रिकामा सोडू नकोस. काम पावसाळ्यात काढ. तुमची खरी विक्री नवी हळद आल्यावर, उन्हाळ्यात बाया वर्षभराची हळद-तिखट भरून ठेवतात तेव्हा. त्या दिवसांत साइटला हात लावायचा नाही. श्रावण-भाद्रपदात फोन कमी असतात, तेव्हा चुकलं तरी निस्तरायला वेळ मिळतो.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघ. २०१४ ला ज्या मुलाने साइट करून दिली, त्याने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर आधी त्याला गाठून ते बाबांच्या नावावर करून घे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना कुणी त्या वावरात विहीर खोदत नाही. पत्ता आपला नसला की काय होतं ते बघ: गुगलवर दुकानाची नोंद करायच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर ज्या फुकट साध्या साइट मिळायच्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. आपल्या भागात कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर अजून तोच पत्ता रंगवलेला आहे.

तो मुलगा आता पुलगावला असतो असं बाबा म्हणत होते. वही भरायला लागलीस की त्याचा नंबर काढ. पंधरा दिवसांनी, रविवारी, वही आणि आजीचा फोन दोन्ही घेऊन इकडे ये, जेवायलाच ये. काकूने यंदाची तुमची हळद अजून फोडलेली नाही, तू आल्यावर फोडते म्हणते.

तुझा,
काका